समुद्राला बांध नाही, तरी देवमाशांचे समूह वेगळे कसे पडतात?

शिरपूरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवणाऱ्या सरांनी विचारलं आहे: अरबी समुद्रातले हंपबॅक देवमासे जगातल्या बाकीच्या हंपबॅकपासून ७० हजार वर्षं वेगळे राहिले आहेत, असं वाचण्यात आलं. समुद्राला ना बांध, ना कुंपण. देवमासा तर हजारो किलोमीटर पोहतो. मग एकाच प्रजातीचे समूह वेगळे पडतात कसे? प्रयोगशाळेत ते ओळखतात कसे? प्रजाती एकच असेल तर समूह वेगळे मोजायचे कशाला? आणि शेवटचा प्रश्न त्यांच्या विद्यार्थ्यांचा आहे: समुद्रापासून इतक्या लांब, खान्देशात राहून या कामात शिरता येतं का?

सर, मी मूळचा यावलचा. समुद्री सस्तन प्राण्यांच्या ऊती आणि त्यांतला डीएनए यांच्यातच माझं कामाचं आयुष्य गेलं आहे. म्हणून मुलांच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: येतं. कसं, ते शेवटी सांगतो, कारण त्याआधी काम काय आहे ते कळायला हवं.

प्राणी कुठवर पोहोचू शकतो यावर समूहाचं वेगळेपण ठरत नाही. तो कुणाबरोबर पिल्लं जन्माला घालतो, यावर ते ठरतं. दोन समूह रोज एकाच पाण्यात फिरत असतील, पण त्यांच्यात जोड्या जमत नसतील, तर पिढ्यान्पिढ्या त्यांचे डीएनए आपापल्या वाटेनं बदलत जातात. उलट दोन समूहांत हजार किलोमीटरचं अंतर असेल, पण दर पिढीला एखादा-दुसरा प्राणी इकडून तिकडे जाऊन तिथे पिल्लं देत असेल, तर निव्वळ योगायोगानं पडणारा फरक फार वाढत नाही. हे गणित अमेरिकी जनुकशास्त्रज्ञ सिवॉल राइट यांनी १९३१ सालीच मांडलं होतं आणि आजही आमच्या कामाचा पाया तेच आहे. म्हणून समुद्रात आम्ही कुंपण शोधत नाही. आम्ही सवयी शोधतो: कधी जोड्या जमतात, काय खाल्लं जातं, आईमागून पिल्लू कुठली वाट शिकतं.

अरबी समुद्राचा हंपबॅक हे याचं सगळ्यात ठळक उदाहरण आहे, आणि ते आपल्याच समुद्रातलं आहे. मुलांना एकच उदाहरण द्यायचं असेल तर हेच द्या.

जगभरातल्या हंपबॅकचं वर्षाचं वेळापत्रक साधारण सारखं असतं. उन्हाळ्यात ध्रुवांकडच्या थंड पाण्यात भरपूर खायचं, अंगावर चरबी चढवायची. हिवाळ्यात उबदार पाण्यात उतरायचं, तिथे जोड्या जमवायच्या, पिल्लं द्यायची. उबदार पाण्यातल्या त्या महिन्यांत तो जवळजवळ उपाशीच असतो. आता उत्तर गोलार्धात हिवाळा असतो तेव्हा दक्षिण गोलार्धात उन्हाळा. त्यामुळे उत्तरेचे हंपबॅक आणि दक्षिणेचे हंपबॅक यांचे विणीचे हंगाम सुमारे सहा महिन्यांनी हुकतात.

अरबी समुद्रातल्या हंपबॅकला मात्र उत्तरेकडे जायला जागाच नाही. वर इराण-पाकिस्तानची जमीन आहे. मग तो खातो कुठे? इथे मोसमी वारा कामाला येतो. जून ते सप्टेंबर ज्या नैर्ऋत्य वाऱ्याची आपण धुळ्या-नंदुरबारात आभाळाकडे डोळे लावून वाट बघतो, तोच वारा ओमानच्या किनाऱ्याला समांतर जोरानं वाहतो. त्यानं किनाऱ्यालगतचं वरचं पाणी खोल समुद्राकडे सरकतं आणि त्या जागी खालून थंड, पोषक द्रव्यांनी भरलेलं पाणी वर येतं. त्यावर प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, माजतं, प्लवकावर लहान मासे येतात. ध्रुवाकडे न जाताही देवमाशाचं पोट भरेल इतकं अन्न उष्ण कटिबंधात तयार होतं. म्हणून हा समूह लांबचं स्थलांतर करत नाही. हंपबॅकमध्ये असं दुसरीकडे आढळलेलं नाही.

याचा सगळ्यात भक्कम पुरावा फार वाईट मार्गानं हाती आला. सोव्हिएत शिकारी ताफ्यांनी ओमान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या किनाऱ्यांसमोर २४२ हंपबॅक मारले, चार १९६५ साली आणि बाकीचे सगळे १९६६च्या नोव्हेंबरात. हंपबॅकच्या शिकारीवर जगभर बंदी आली तेही १९६६च. ही शिकार तेव्हा दडवली गेली आणि १९९०च्या दशकात त्या जहाजांवरच्या जीवशास्त्रज्ञांच्या नोंदींतून उजेडात आली. त्या नोंदींत दोन गोष्टी होत्या. एक, बहुतेकांच्या पोटात अन्न होतं, म्हणजे ते उबदार पाण्यात उपाशी नव्हते. दुसरी, गाभण माद्यांच्या पोटातल्या गर्भांची लांबी. गर्भ किती वाढला आहे यावरून गर्भधारणा कधी झाली ते काढता येतं. हिशोब उत्तर गोलार्धाच्या हंगामाशी जुळला. त्यांचे सगळ्यात जवळचे शेजारी म्हणजे मादागास्कर आणि मोझांबिकजवळ येणारे हंपबॅक. ते दक्षिणेच्या हंगामानं चालतात. म्हणजे वाट चुकून एखादा नर इकडे आलाच, तरी इथल्या माद्यांची वेळ आणि त्याची वेळ जुळत नाही.

एका लहान समूहातले २४२ प्राणी, जवळजवळ सगळे एकाच मोसमात, काढून घेतले गेले, हे वाक्य मी अनेकदा लिहिलं आहे आणि अजूनही ते लिहिताना जड जातं. कारण आज ओमानजवळ १००हूनही कमी हंपबॅक उरल्याचा अंदाज आहे. या शतकाच्या सुरुवातीला शेपटीच्या खालच्या बाजूचे फोटो जुळवून जी मोजणी झाली, तिचं उत्तर ८२च्या आसपास आलं होतं.

डीएनएचा पुरावा २०१४ साली प्रसिद्ध झाला. ओमानजवळच्या हंपबॅकच्या त्वचेचे नमुने दक्षिण गोलार्धातल्या आणि उत्तर प्रशांत महासागरातल्या नमुन्यांशी ताडून पाहिले गेले. निष्कर्ष असा: हे मूळचे दक्षिण हिंदी महासागरातल्या हंपबॅकचेच वंशज, पण सुमारे ७० हजार वर्षांपूर्वी फुटून निघालेले आणि तेव्हापासून जवळजवळ एकटे. हंपबॅकची एक पिढी साधारण २० वर्षांची धरली तर साडेतीन हजारांच्या आसपास पिढ्या झाल्या. ओमानजवळच्या नरांचं गाणंही नैर्ऋत्य हिंदी महासागरातल्या नरांच्या गाण्यापेक्षा वेगळं आहे.

७० हजारांबद्दल एक सांगतो, कारण वर्गात हा आकडा ताम्रपटावर कोरल्यासारखा सांगितला जातो. तो डीएनएत किती वेगानं बदल साठतात या गृहीतावरून आणि संगणकी प्रारूपावरून काढलेला असतो. त्याच्या दोन्ही बाजूंना मोठी मोकळीक असते. ‘सुमारे’ हा शब्द गाळू नका. हजारो वर्षांचा दुरावा आहे, काही दशकांचा नाही, एवढं मात्र निर्विवाद आहे.

हे ओमानचे देवमासे आहेत, आपला काय संबंध, असं कुणी म्हणालं तर लुबानची हकिगत सांगा. लुबान ही एक मादी. २०१७च्या अखेरीस ओमानजवळ तिच्या अंगावर उपग्रहाशी बोलणारं यंत्र लावलं होतं. ती अख्खा अरबी समुद्र ओलांडून भारताच्या किनाऱ्याला आली, खाली दक्षिण टोकापर्यंत गेली आणि मग परत ओमानला पोहोचली. म्हणजे हा समूह अरबी समुद्राच्या दोन्ही काठांचा आहे. आपली तापी सुरतेपुढे ज्या समुद्राला मिळते, तोच हा.

आता प्रयोगशाळेचा भाग.

नमुना म्हणजे बहुतेक वेळा त्वचेचा बोटाच्या पेराहूनही लहान तुकडा. जिवंत देवमाशाकडून तो घ्यायचा तर आडव्या धनुष्यानं बाण मारतात. बाणाचं टोक पोकळ असतं, ते त्वचा आणि थोडी चरबी घेऊन उलटतं आणि पाण्यावर तरंगतं. बहुतेक देवमासे थोडं दचकतात आणि पुढे जातात. भारतात मात्र असे बाण फार कमी मारले गेले आहेत. देवमासे आणि डॉल्फिन १९७२च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, परवानगीशिवाय त्यांना हात लावता येत नाही, मेलेल्यालाही नाही. त्यामुळे आपल्याकडचे बहुतेक नमुने किनाऱ्याला वाहून आलेल्या मृत प्राण्यांचे असतात. हंपबॅकचा नमुना देशाबाहेर पाठवायचा तर आंतरराष्ट्रीय व्यापारबंदीच्या कराराचे कागद वेगळे. त्यात महिने जातात आणि तोवर नमुना टिकवावा लागतो.

टिकवणं ही गोष्ट क्षुल्लक वाटते, पण निम्मं काम तिथेच बिघडतं. अल्कोहोलमधली बाटली कुरिअरवाले घेत नाहीत. बर्फ वाटेत वितळतो. आणि नमुना मे महिन्यात भुसावळला उतरवायचा असेल तर बाहेर ४५ अंश असतात. माझा भरवसा मिठावर आहे. डीएमएसओ नावाचं द्रावण २० टक्के, त्यात विरघळेल तितकं साधं मीठ, आणि त्यात बारीक चिरलेला तुकडा. फ्रिजशिवायही डीएनए शाबूत राहतो. तुकडा मात्र बारीकच चिरायचा, नाहीतर द्रावण आतपर्यंत पोहोचत नाही आणि मधला भाग कुजतो.

पुढे डीएनए वेगळा करून आम्ही दोन निरनिराळ्या गोष्टी वाचतो आणि दोन्ही वाचल्याशिवाय निष्कर्ष काढत नाही. पहिली म्हणजे मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए. देवमाशात तो सुमारे १६ हजार अक्षरांचा असतो आणि फक्त आईकडून येतो. दुसरी म्हणजे पेशीच्या केंद्रकातला डीएनए, जो आई आणि बाप दोघांकडून येतो. दोन्ही का, ते उत्तर प्रशांत महासागराकडे पाहिलं की कळतं. तिथे आग्नेय अलास्कात खाणारे बहुतेक हंपबॅक हिवाळ्यात हवाईला जातात, तर कॅलिफोर्नियापाशी खाणारे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडे. पिल्लू पहिल्या वर्षी आईबरोबर जी वाट चालतं, तीच वाट पुढे आयुष्यभर धरतं. त्यामुळे खाण्याच्या जागांची तुलना केली की आईकडून येणारा डीएनए अगदी वेगवेगळा दिसतो. पण विणीच्या जागी निरनिराळ्या ठिकाणांहून आलेले नर-माद्या भेटतात, म्हणून केंद्रकातल्या डीएनएतला फरक त्या मानानं पुसट असतो. फक्त आईकडचा डीएनए वाचणारा म्हणेल, समूह पूर्ण तुटलेले आहेत. फक्त केंद्रकातला वाचणारा म्हणेल, फारसं काही वेगळं नाही. दोघांनीही निम्मीच गोष्ट वाचलेली असते. अरबी समुद्राच्या हंपबॅकमध्ये दोन्ही डीएनए एकच सांगतात, म्हणून तिथला निष्कर्ष एवढा पक्का मानला जातो.

फरक मोजायला एफएसटी नावाचं माप वापरतात. शून्य म्हणजे दोन समूहांत काही फरक नाही, एक म्हणजे काहीच सामाईक नाही. विद्यार्थी विचारतात, किती आला की वेगळे म्हणायचे? अशी रेघ नाही. मोठ्या संख्येच्या समूहांत फरक फार सावकाश साठतो, म्हणून तिथे लहान आकडाही महत्त्वाचा असू शकतो. आणि लहान समूहात एकाच कुटुंबातले प्राणी नमुन्यात आले की आकडा फुगतो. एकाच प्राण्याचा नमुना दोनदा घेतला गेला आहे का, माय-लेकरं दोन्ही आली आहेत का, हे आधी तपासायचं. शोधनिबंध हातात आला की मी पहिल्यांदा नमुने कुठून, कधी आणि किती घेतले तेच पाहतो. आकडे नंतर.

सवयीनं वेगळं पडण्याचं टोकाचं उदाहरण ऑर्काचं, म्हणजे ज्याला ‘किलर व्हेल’ म्हणतात त्याचं. कॅनडा-अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर एकाच पाण्यात दोन तऱ्हांचे ऑर्का राहतात. एक मासे खातात, त्यातही मुख्यतः सामन. दुसरे सील आणि इतर सस्तन प्राणी मारतात. मासेखाऊ खूप आवाज करत फिरतात, सील मारणारे गप्प राहून शिकार करतात. १९७०च्या दशकात मायकेल बिग यांनी फोटोंवरून हे वेगळे समूह ओळखले. पुढे डीएनएनं दाखवलं की ते लाखो वर्षांपासून वेगळे आहेत, आणि २०२४ साली त्यांना दोन वेगळ्या प्रजाती मानावं असा प्रस्ताव आला. तिथल्या मासेखाऊंपैकी दक्षिणेकडचा समूह जेमतेम ७५च्या आसपास उरला आहे. १९९० नंतर जन्मलेल्या ज्या पिल्लांचे नमुने मिळाले, त्यांतल्या निम्म्याहून अधिकांचे बाप दोनच नर निघाले. नात्यातल्या नात्यात पिल्लं होत गेल्याचा परिणाम त्यांच्या आयुर्मानावर दिसतो आहे. जगात ऑर्का हजारोंनी आहेत, पण त्यांतला एकही या समूहाच्या मदतीला येत नाही.

समूह वेगळे का मोजायचे, या तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. जगभराची बेरीज केली तर हंपबॅक सावरला आहे, त्याची संख्या वाढली आहे आणि ती आनंदाची गोष्ट आहे. पण त्याच बेरजेत अरबी समुद्राचे शंभरही नसलेले प्राणी दिसेनासे होतात. ते गेले तर दक्षिणेचे हंपबॅक येऊन ती जागा भरतील, याला काही आधार नाही. इतक्या हजार वर्षांत ते आले नाहीत. मोसमी वाऱ्यावर जगायची सवय त्यांना नाही, हंगाम वेगळा, वाट वेगळी. म्हणूनच अमेरिकेच्या सरकारनं २०१६ साली हंपबॅकला एक प्रजाती म्हणून सरसकट यादीत न ठेवता १४ समूहांत विभागलं. बहुतेक समूह धोक्यातून बाहेर काढले आणि चार धोक्यात ठेवले. अरबी समुद्राचा समूह त्या चारांत आहे. मला तो निर्णय पद्धत म्हणून योग्य वाटतो, आपणही आपल्या समुद्रात तसंच मोजायला हवं.

संख्या वाढली म्हणजे सगळं सावरलं असंही नसतं. उत्तर प्रशांतातला एलिफंट सील तेलासाठी इतका मारला गेला की १९व्या शतकाच्या शेवटी मोजके प्राणी उरले. आज ते दोन लाखांच्या वर आहेत. पण १९७४ साली त्यांच्या रक्तातली प्रथिनं तपासली तेव्हा प्राण्या-प्राण्यांत काहीच फरक सापडला नाही, आणि पुढे आईकडून येणारा डीएनए पाहिला तर त्याचे दोनच प्रकार निघाले. आमच्या यावल-रावेरच्या केळीच्या बागेत उभं राहिलं की हे समजायला वेळ लागत नाही. टिश्यू कल्चरची हजारो रोपं, सगळी एका मापाची, सगळी एकाच वेळी निसवणारी, दिसायला देखणी. पण सीएमव्हीसारखा रोग शिरला की एका झाडाला जे होतं ते सगळ्यांना होऊ शकतं, कारण वेगळं असं झाडच बागेत नसतं. शेतकरी निदान नवीन रोप आणू शकतो. सीलच्या गेलेल्या विविधतेला परत यायला उत्परिवर्तनाची वाट पाहावी लागते, आणि ती हजारो वर्षांची असते.

किनाऱ्यालगतच्या डॉल्फिनबद्दलही थोडं. कोकणात मालवण-दापोलीला पर्यटकांना बोटीतून जो दाखवतात तो हिंदी महासागरी हंपबॅक डॉल्फिन. तो उथळ पाण्यात, किनारा धरूनच राहतो. दक्षिण आफ्रिकेपासून अरबी समुद्राच्या कडेकडेनं भारतापर्यंत तो आढळतो आणि २०१४ साली कवटी, रंग आणि डीएनए हे सगळं एकत्र पाहून त्याला चिनी हंपबॅक डॉल्फिनपासून वेगळी प्रजाती मानलं गेलं. आफ्रिका आणि ओमानच्या किनाऱ्यांवरच्या अभ्यासात असं दिसलं की त्याच्या समूहांमधला फरक नुसत्या अंतरानं समजत नाही. पाण्याचं तापमान आणि गढूळपणा जिथे बदलतो, तिथे समूहही बदलतात. त्याला खोल समुद्र ओलांडायची सवय नाही. म्हणून मोठी बंदरं, मासेमारीची जाळी, नद्यांतून येणारी घाण यांनी किनाऱ्याचा एखादा पट्टा त्याच्यासाठी निकामी झाला तर दोन्हीकडचे समूह तुटू शकतात. त्या पाण्यात तापीचंही पाणी आहे, म्हणजे जळगाव-धुळ्याच्या गटारांचं आणि शेतातल्या औषधांचंही.

आता मुलांचा प्रश्न. या कामात समुद्रावर जाणारी माणसं थोडी आणि टेबलाशी बसणारी जास्त लागतात. जगभरच्या शास्त्रज्ञांनी वाचलेले डीएनएचे अनुक्रम जेनबँक या सार्वजनिक संग्रहात ठेवलेले असतात आणि ते फुकट उतरवून घेता येतात. अनुक्रम एकाखाली एक लावायला मेगा, विविधता मोजायला डीएनएएसपी, कोणता प्रकार कोणाला जवळचा त्याचं जाळं काढायला पॉपआर्ट, हेही फुकट आहे. साधा लॅपटॉप पुरतो. पुढे एम.एस्सी.ला प्राणिशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान घ्यावं आणि संख्याशास्त्र मनापासून शिकावं. आपली मुलं नेमकी तिथेच कच्ची राहतात, डीएनएच्या प्रती वाढवायची पीसीआर पद्धत कुणीही महिन्याभरात शिकतं. त्यानंतरच्या वाटा देहरादूनची भारतीय वन्यजीव संस्था, हैदराबादच्या सीसीएमबीची वन्यजीव प्रयोगशाळा, कोचीची केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था, अशा आहेत. किनाऱ्यावरचं काम बघायचं असेल तर राज्याच्या वन विभागाचा कांदळवन कक्ष आहे.

तुमच्या बारावीच्या वर्गासाठी पहिलं काम सुचवतो. जेनबँकेत हंपबॅकचं शास्त्रीय नाव टाका, मायटोकॉन्ड्रियातला ‘कंट्रोल रीजन’ हा भाग शोधा आणि दोन वेगळ्या महासागरांतले थोडे थोडे अनुक्रम उतरवा. मेगामध्ये एकाखाली एक लावा, टोकं सारखी कापा, मग पॉपआर्टमध्ये जाळं काढा. महासागरानुसार रंग द्या. काही प्रकार दोन्हीकडे सापडतील, काही एकीकडेच. कोणते कुठे आणि का, यावर मुलांना आधी त्यांचा अंदाज लिहू द्या, मग चर्चा करा. टोकं कापताना बहुतेकांचं अडतं. तसं झालं तर फाइल आणि कोणत्या पायरीवर थांबलात ते पाठवा, मी पाहून देईन.